बुरूजच्या छातीवरची फुली

बुरूज आजवर तीनदा मेला होता आणि तिन्ही वेळा खप वाढताच जिवंत झाला होता. पहिल्यांदा तो फुटलेल्या धरणाबरोबर वाहून गेला. दुसऱ्यांदा त्याच्या जुळ्या भावाने त्याला कड्यावरून ढकललं. हा भाऊ त्याआधीच्या एकशेबारा अंकांत कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता. तिसऱ्यांदा तर तो शेवटच्या पानावर नुसताच पडून राहिला, कारण कागद मिळेनासा झाला होता आणि पुढचा अंक निघणार की नाही हे खुद्द मालकांनाही ठाऊक नव्हतं. त्याच्या तिन्ही मरणांवर शाई चढवली ती शाईताईने. तिला आता एकाहत्तरावं चालू होतं, आणि मरून परत यायची सोय तिच्या धंद्यात फक्त बुरूजला होती.

कॉमिकच्या कामात एक जण पेन्सिलीने चित्र काढतो आणि दुसरा त्यावर ब्रशने, निबने शाई करतो. शाई वाळली की रबर घेऊन खालची पेन्सिल पुसून टाकतो. म्हणजे छापलं जातं दुसऱ्याचं, नाव होतं पहिल्याचं, आणि चूक झाली तर ती कुणाची हे सांगायला पेन्सिल जागेवर उरलेलीच नसते. शाईताईने हे काम एकतीस वर्षं केलं. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणी कधी घेतलं नाही. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली तरी उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पडलेला घट्टा तसाच होता, आणि मटार सोलताना आजही ती श्वास रोखून धरायची. ब्रश ओढतानाची सवय.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला संपादिका आली. तिशीची मुलगी, नीटनेटकी, बोलायला गोड आणि कामाला चिवट. बुरूजला पन्नास वर्षं होत होती म्हणून कंपनी एक जाडजूड ग्रंथ काढत होती: बुरूजच्या प्रकाशनाचा समग्र इतिहास. कोणता अंक कधी निघाला, किती छापला, कुणी काढला, दोन रंगांचे चार रंग कधी झाले, मुखवटा आधी होता की नव्हता, असलं सगळं. ज्यांनी बुरूज वाचून शाळेत मार खाल्ला ते लोक आता कंपन्यांचे साहेब झाले होते आणि असल्या ग्रंथासाठी जीव टाकत होते.

"फक्त पहिलं प्रकरण बघायचंय, शाईताई," संपादिका फाइल उघडत म्हणाली. "बाकी सगळं छापखान्यात गेलंय. हे आज संध्याकाळी पाचला जाईल."

"म्हणजे बघू नकोस, नुसती मान हलव, असंच ना?"

"नाही हो. बघाच. मला एक गोष्ट जुळत नाहीये."

शाईताईने चष्मा चढवला. प्रकरण चांगलं लिहिलं होतं. पहिला अंक, दहा हजार प्रती, आठ दिवसांत संपल्या. मग ती ओळ आली. 'छातीवरच्या फुलीची कल्पना मालकांना सुचली. चार दिशांचं रक्षण करणारा, असा तिचा अर्थ. पेन्सिल कलाकाराला मात्र ती रुचली नाही, आणि हटवादी स्वभावामुळे त्यांनी तिसऱ्या अंकानंतर बुरूज सोडला.' खाली बारीक अक्षरांत टीप होती. टिपेत शाईताईची जुन्या मुलाखतीतली ओळ होती: 'फुली पेन्सिलीतच होती. मी फक्त गिरवली.'

"मालक म्हणायचे कल्पना त्यांची," संपादिका म्हणाली. "तुम्ही म्हणता पेन्सिलीतच होती. पेन्सिलवाल्यांना फुली आवडत नव्हती, तर त्यांनी ती काढली कशाला? तिघांपैकी कुणीतरी थाप मारतंय, शाईताई. मालक गेले. उरलात तुम्ही दोघं."

शाईताई 'हटवादी' या शब्दावर बोट ठेवून बसली होती. पेन्सिलवाला तिचा सख्खा भाऊ होता. तिचा दादा. आठ वर्षांनी मोठा. तिला ब्रश धरायला त्याने शिकवलं, ऑफिसात त्याने चिकटवलं, आणि पन्नास वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"पाचपर्यंत थांब," ती म्हणाली. "मी फोन करते."

संपादिका गेल्यावर ती तशीच बसून राहिली. गेली कितीतरी वर्षं तिने हे प्रकरण मनाच्या एका कोपऱ्यात ढकलून, वर काहीबाही रचून ठेवलं होतं. संमेलनांत तिला खुर्ची मिळायची. टक्कल पडलेले बाप्ये लहान मुलांसारखे रांग लावून यायचे, तिच्याकडून कागदावर एक फुली मारून घ्यायचे आणि खाली सही. दोन फटकारे, एक तिरका, एक त्याला छेदणारा. लोक टाळ्या वाजवायचे. तिलाही बरं वाटायचं. का खोटं बोला? आणि घरी पोचली की दर वेळी ती हात दोनदा साबणाने धुवायची.

त्याचं असं झालं होतं.

दादाला एकच मुलगी. चिंगी. चार वर्षांची, बडबडी, शाईताईच्या टेबलाखाली बसून रबराचे तुकडे गोळा करणारी. ती तीन दिवसांच्या तापात गेली. दादा महिनाभर कुणाशी बोलला नाही, आणि मग एके दिवशी कागद घेऊन बसला आणि त्याने बुरूज काढला. मालकांना मारामारीवाला हिरो हवा होता; दादाने दिला तो पडत्या भिंतीखाली उभा राहून ती पेलून धरणारा. उडत नाही, ठोसे फारसे मारत नाही, उभा राहतो. गोष्टीत बुरूजची स्वतःची मुलगी एका भिंतीखाली गेलेली, तेव्हा तो पोहोचला नव्हता. म्हणून छातीवर दुखवट्याचं काळं. वहिनीने एवढंच मागितलं होतं. ती चित्रांत कधी लक्ष घालायची नाही, पण त्या वेळी म्हणाली, "त्याच्या छातीवर काळं असू दे. त्यावर दुसरं काही नको. एवढं माझ्यासाठी करा."

आता, पेन्सिलवाला काळा भाग पेन्सिलीने भरत बसत नाही. वेळ कुणाला आहे! तो तिथे एक बारीक फुली मारतो. फुली म्हणजे इथे शाई भर. केसांत फुली, सावलीत फुली, बुटावर फुली. शाईवाल्याने ती बघायची, तो भाग ब्रशने काळा करायचा, संपलं. शाईताईने तोवर अशा शेकडो फुल्या भरल्या होत्या. तिला खूण कळत नव्हती असं नाही.

पण कव्हर आधी जायचं, कारण रंगाच्या छपाईला वेळ लागतो. दादा घरीच बसून काढायचा आणि पानं शिपायाच्या हाती पाठवायचा. कव्हर आलं आणि त्यावर बुरूजच्या छातीवर फुली होती ती बारीक नव्हती. खांद्यापासून कमरेपर्यंत, पेन्सिल इतकी दाबून ओढलेली की कागद एका जागी फाटला होता. कुठल्याही शाईवाल्याने खूण अशी बघितलेली नव्हती. शाईताईला वाटलं, चिन्ह आहे. हिरोला चिन्ह लागतंच की. तिने मोठा ब्रश घेतला, श्वास रोखला आणि दोन फटकाऱ्यांत आयुष्यातली सगळ्यात सुरेख रेघ मारली. मग आतली चोवीस पानं आली. त्यांत छातीवर नेहमीसारख्या बारीक फुल्या होत्या. एकदा चिन्ह ठरलं म्हटल्यावर तिने त्याही गिरवल्या आणि रबराने पानं स्वच्छ केली. दादाला एकदा विचारावं हे तिच्या मनात आलं होतं. पण मुलगी गेलेल्या माणसाकडे जाऊन छातीवर काय आहे हे कसं विचारायचं? ती भ्याली. चूक इथे झाली, ब्रशने नंतर.

अंक छापून आला तेव्हा दादा आणि वहिनी ऑफिसात आले होते. वहिनीने अंक हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग शाईताईकडे वळून, आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "माझ्या लेकीवर फुली मारलीस तू."

वीस-एकवीस वर्षांची पोर होती शाईताई. समोर मालक, मागे सगळा स्टाफ. तिच्या तोंडून निघालं, "फुली पेन्सिलीतच होती. मी फक्त गिरवली."

शब्दन् शब्द खरा. आणि तरी त्याहून मोठं खोटं ती पुढे कधीच बोलली नाही. तिने सरळ दादावर ढकललं होतं. त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की पेन्सिलीतल्या फुलीचा अर्थ काय. फक्त वहिनीला ठाऊक नव्हता. वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. दादा म्हणाला, "ती भरायची खूण होती. हिने गिरवली." त्यानंतर दोघं निघून गेले.

मालक आधी भडकले, सगळी छपाई रद्दीत घालायला निघाले. तेवढ्यात अंक संपले, पत्रांचा पाऊस पडला. पोरं छातीवर कोळशाने फुल्या मारून गल्लीत भिंती पेलत होती. मालकांनी रातोरात चार दिशा शोधून काढल्या आणि हुकूम सोडला, फुली कायम. दादाने दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकात बुरूजला पाठमोरा, कुशीवर, अंधारात, कसाही काढला. छाती दिसू दिली नाही. मग त्याने काम सोडलं. पुढे तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चौथ्या अंकापासून त्याचं नाव गेलं. शाईताई राहिली. वहिनीने तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. दोन वेळा ती गेली, दोन्ही वेळा दार लागलं. सख्ख्या भावाच्या घराचं दार तोंडावर लागण्याचा आवाज कसा असतो हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

वहिनी आठ महिन्यांपूर्वी गेली. शाईताई तेव्हा जिन्यातच थांबली होती, लोकांत मिसळून. दादा आता अंथरुणाला खिळलाय, खुब्याचं हाड मोडलंय, एवढं तिच्या कानावर होतं.

तिने फाइल पिशवीत घातली. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिला नेमकी ठाऊक होती. संध्याकाळी पाचनंतर खरं छापलं जाणार होतं, तिची पन्नास वर्षांची खुर्ची जाणार होती, ती जाऊ दे. पण त्याआधी दादाने तिला माफ केलं पाहिजे. पुस्तकात वाचून नव्हे. तिच्या तोंडून ऐकून.

दादाचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार नुसतं लोटलेलं. त्याला सांभाळणारी बाई दुपारी दोन तास घरी जायची आणि दार तसंच ठेवून जायची. आत एकच मोठी खोली, खिडकीशी लोखंडी पलंग, पलंगावर दादा. इतका लहान झालेला की तिला क्षणभर वाटलं, चुकीच्या घरात आले.

"कोण?"

"मी आहे, दादा."

त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "धाकटे, जाडी झालीस गं."

पन्नास वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे! तिला हसू फुटलं आणि रडूही. तिने डोळे पुसले, स्टूल ओढलं, फाइल काढली आणि धीर सुटायच्या आत सगळं सांगून टाकलं. चिन्ह समजून गिरवली. विचारायला भ्याले. वहिनीसमोर तुझ्यावर ढकललं. पुढे जन्मभर तीच ओळ मुलाखतींत वापरली, कारण एकदा वापरल्यावर दुसरी सापडेना. "आज मी त्या मुलीला खरं सांगणार आहे," ती म्हणाली. "चूक माझी होती, तू हटवादी नव्हतास. पण आधी तुझ्याकडे आले. तू मला माफ कर, दादा. नाही केलंस तरी मी सांगणारच आहे. पण कर."

दादा खिडकीकडे बघत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, पंपाचा आवाज येत होता.

"मी आलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला.

"कुठल्या दिवशी?"

"कव्हर झालं त्या दिवशी. दुपारी. तू जेवायला गेली होतीस. टेबलावर कव्हर होतं, शाई ओली होती अजून."

शाईताईला काही कळेना. "कव्हर बघितलंस तू? छापायच्या आधी?"

"बघितलं. लगेच कळलं तुझं काय झालंय ते. गाढव आहे, म्हटलं." त्याने पांघरूण छातीवर ओढलं. "ब्रश उचलला मी. तुझाच. किती वेळाचं काम होतं? दोन मिनिटं. फुलीच्या चारी बाजू भरून टाकल्या की छाती काळी. कुणाला पत्ता लागला नसता."

"मग?"

"भरवेना."

शाईताईने मांडीवरची फाइल मिटली.

"ब्रश शाईत बुडवून उभा होतो. हात पुढे जाईना. ते काळं केलं की चिंगी गेली, असं मीच सही करून दिल्यासारखं. तुझी फुली बघून, खरं सांगू, बरं वाटलं. वाटलं, कुणीतरी कुठेतरी चुकलंय. चुकलंय म्हणजे अजून ठरलेलं नाहीये काही." त्याने डोळे मिटले. "वेडेपणा. पण तेव्हा मी शहाणा नव्हतो. ब्रश धुऊन जागेवर ठेवला आणि घरी आलो. तिला काही बोललो नाही. म्हटलं, अंक निघाल्यावर सांगू."

"आणि अंक निघाल्यावर?"

"तिने तुझं नाव घेतलं."

शाईताई स्टुलावरून उठली आणि पुन्हा बसली.

"मी सांगणार होतो," दादा म्हणाला. "तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, पेन्सिलीत होती. मला राग आला तुझा. त्या रागाखाली ते दुसरं दडपून गेलं. एक दिवस गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलं, हे आलंच. असं करता करता पन्नास वर्षं कशी गेली कळलं नाही बघ."

"मला कळली," शाईताई म्हणाली.

तिच्या डोक्यात एकेक हिशेब लागत होता आणि प्रत्येक हिशेबाबरोबर अंगाचा भडका उडत होता. दोनदा लागलेलं दार. दार लावणारी वहिनी, आणि आत बसून ते ऐकणारा हा. वहिनीच्या आजारपणात पाठवलेली आणि न फोडता परत आलेली पाकिटं. आठ महिन्यांपूर्वीचा तो जिना, चोरासारखं थांबणं. तिची चूक होती, होतीच. पण तिने ती एकटीची म्हणून वाहिली होती.

"तिला का नाही सांगितलंस? मागून कधीतरी? म्हातारपणी तरी?"

"तिने मला घरात ठेवलं नसतं," दादा म्हणाला. "मूल गेलं होतं गं आमचं. आमच्यात दुसरं काही उरलं नव्हतं. तुझा राग तेवढा होता दोघांचा मिळून. तो काढून घेतला असता तर आम्ही कशावर राहिलो असतो?"

हे तो भाजीचा भाव सांगावा इतक्या साधेपणाने बोलला. आतलं दिसू नये म्हणून दारावर पडदा लावावा तसं तिचं आयुष्य या दोघांनी वापरलं होतं, आणि त्यातल्या एकीला तर ते माहीतही नव्हतं.

"धाकटे. माफ केलंस ना मला?"

ज्या शब्दासाठी ती आली होती तो तिच्याचकडे मागितला जात होता. आणि तो तिच्याजवळ नव्हता. आत कितीही चाचपडलं तरी सापडत नव्हता.

"चहा टाकते," ती म्हणाली.

स्वयंपाकघर वहिनीचं होतं. पन्नास वर्षांत तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं. डब्यांना झाकणं होती, नावं नव्हती. पहिल्यात तांदूळ, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात कसल्याशा गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. दादा बाहेरून ओरडत होता, साखर खालच्या फळीवर, निळं झाकण. ती निळ्या झाकणाचा डबा हातात घेऊन उभी राहिली आणि हुंदके बाहेर जाऊ नयेत म्हणून तिने तोंडात पदर कोंबला. दुःख थोडं होतं. संताप जास्त होता. एवढा संताप आपल्यात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने आजवर तो सगळा स्वतःवरच खर्च केला होता.

चहाला उकळी आली तेव्हा फोन वाजला. संपादिका.

"शाईताई, साडेचार झाले. मी काय लिहू?"

"फुली चुकून आली, लिही. ती काळं भरायची खूण होती. मी चिन्ह समजून गिरवली. चूक माझी. मालकांना त्यातलं काडीचंही सुचलेलं नव्हतं."

पलीकडे भराभर टाइप केल्याचा आवाज. "आणि पेन्सिलवाले? त्यांना हे कधी कळलं? छापल्यानंतरच ना? तेवढं एक वाक्य हवंय."

शाईताईने गॅस बंद केला. ती बाहेर आली, पलंगाशी उभी राहिली.

"ते इथेच आहेत," ती फोनमध्ये म्हणाली. "त्यांचं त्यांनाच विचार."

तिने फोन दादाच्या हातात दिला. "पुस्तकवाली मुलगी आहे. तुला कधी कळलं विचारतेय. सांग. मी ऐकतेय."

दादाने फोन कानाला लावला. फोन कानावरून घसरत होता, तिने मनगट धरून आधार दिला. संपादिका अदबीने काहीतरी बोलली. दादा 'हो, हो' म्हणाला. मग त्याची नजर वर गेली. पलंगासमोरच्या भिंतीवर वहिनीचा फोटो होता, आणि त्याच चौकटीत कोपऱ्यात खोचलेला चिंगीचा, बोटाएवढा. झोपल्याजागी त्याला दिवसभर तेवढंच दिसत असणार.

"छापल्यावर," दादा म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "अंक छापून आल्यावरच कळलं. माझी बायको बरोबर होती. आम्ही दोघांनी एकदमच बघितलं. त्याआधी मला काही माहीत नव्हतं."

बोलताना त्याने फोटोवरची नजर हलवली नाही. तो पुस्तकासाठी बोलतच नव्हता. शाईताईच्या हातातलं मनगट काडीसारखं होतं. मनात आणलं असतं तर तिने फोन सहज काढून घेतला असता, आणि त्या मुलीला सांगितलं असतं की हा माणूस तुझ्या कानात खोटं ओततोय.

तिने फोन घेतला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. तसंच घालू?"

पंपाचा आवाज थांबला होता. दादा आता तिच्याकडे बघत होता, आणि इतक्या उघड भीतीने कुणी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"तसंच घाल," शाईताई म्हणाली. "आणि 'हटवादी' काढ."

तिने फोन ठेवला. दोन कपांत चहा गाळून आणला, एक त्याच्या उशाशी ठेवला, मान उचलून त्याला दोन घोट पाजले. त्याच्या हनुवटीवर सांडलेलं पुसलं. तिने हे का केलं हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वहिनीसाठी नव्हे. त्याच्यासाठी तर नव्हेच नव्हे.

"धाकटे," दादा म्हणाला. "रागावलीस?"

"हो."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "उद्या येशील?"

तिने कप खाली ठेवला. पन्नास वर्षं या घरात रागावायचा मान दुसऱ्यांचा होता. आज पहिल्यांदा तिचा आला होता, आणि तो तिला इतक्यात संपवायचा नव्हता.

"येईन," ती म्हणाली. "पण मी बोलणार नाही तुझ्याशी."